टाचेखालचा लाकडी रूळ

मित्रांनो, मी पाय चेपायचा एक जुना लाकडी रूळ आहे. चन्नपट्टणच्या एका कारागिराने मला कातले, अंगभर खाचा पाडल्या, आणि आपला जन्म लाथा खाण्यासाठी झाला हे मला तेव्हाच कळून चुकले. पण नशीब बरे, मला बंगळुरातल्या राजाजीनगरच्या सोयराबाईंचे पाय मिळाले.

साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहून त्यांच्या टाचा ठणकत. तळव्यावरचे कुठले बिंदू दाबले की आराम पडतो, ते त्यांच्या मुलीने, रम्याने, शिकून घेतले आणि मला विकत आणले. रोज संध्याकाळी सोयराबाई मला पायांखाली फिरवत. मी टाचेशी आलो की "आई गं!" म्हणत आणि मग सुस्कारा सोडत. तो ऐकून मला धन्य वाटे.

काही वर्षांनी ते "आई गं" थांबले.

"बघ रम्या, दुखणं पळालं," सोयराबाई म्हणाल्या. त्यांना मधुमेह होता. "आता ते साखर तपासणं नको नि काही नको. माझा रूळ आहे की!"

शेजारणी मला पाहायला आल्या. मीही फुगलो. पण ते पाऊल आता माझ्यावर धोंड्यासारखे पडत होते आणि मला त्याची भीती वाटू लागली होती.

एका संध्याकाळी माझ्या खाचेवर काहीतरी खरखरले. साडीची टाचणी! डाव्या तळव्यात मोडून रुतली होती. सोयराबाईंचे डोळे टीव्हीवर. त्यांनी पाय आणखी जोराने दाबला. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण लाकडाचे कोण ऐकणार? प्रत्येक फेरीला टाचणी आत जात होती आणि तिला मीच ढकलत होतो. दुसऱ्या दिवशी तळवा तापलेला लागला. पुढच्या संध्याकाळी मी ओला झालो.

रम्या मला उचलून ठेवायला आली आणि थबकली.

"आई, ह्याला लाल काय लागलंय?"

"कुंकू असेल गं."

रम्याने आईचा पाय मांडीवर घेतला. "अगं, केवढा सुजलाय! दुखत नाही तुला?"

"स्वल्पसुद्धा नाही."

ते ऐकून रम्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ऑटो बोलावली आणि डॉक्टरांना दाखवायला मलाही पिशवीत टाकले.

डॉक्टरांनी टाचणी काढली, जखम धुतली. पाय वाचेल म्हणाले. मग त्यांनी सोयराबाईंना डोळे मिटायला लावले. "अम्मा, जिथे माझं बोट लागेल, तिथे हो म्हणा."

त्यांनी अंगठा दाबला, टाच दाबली. मग दुसरा पाय दाबला. रम्या पाहत होती. सोयराबाई डोळे मिटून शांत बसल्या होत्या. जरा वेळाने त्या हसून म्हणाल्या, "सुरू करा की, डॉक्टर."

रम्याला रडू आवरेना.

मित्रांनो, हल्ली मी कोपऱ्यात पडून असतो. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण घरात कुणाचे पाय चेपायला बसलात, तर आधी तळवे उजेडात धरून नीट पाहा. दुखणाऱ्या पायाची काळजी सगळेच घेतात. ज्या पायाचे दुखणे अचानक गप्प झाले, त्याच्याजवळ तुम्ही बसा.