हम्मादीच्या शपथेचा कुसकूस

हम्मादीला शपथ घालायची भारी हौस. मेंढी हरवली की शपथ, सापडली की शपथ, ती मुळात आपली नव्हतीच असं कळलं की आणखी एक. पण त्या सोमवारी त्याने कहर केला. गावच्या कॉफीच्या दुकानात, झाडून सगळ्या रिकामटेकड्यांच्या देखत, तो फोनवर ओरडला, "बूअज्जा, येत्या शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या बांगेआधी तू माझ्या घरी बसून कुसकूस खाल्ला नाहीस, तर माझ्या बायकोला तलाक!"

आणि फोन ठेवून दिला. लोकांनी म्हणे त्याची पाठ थोपटली. मित्र असावा तर असा, म्हणाले. शुक्रवारी रवा वाफवून केलेला कुसकूस तिथे घरोघर असतोच.

बूअज्जा खाली मेकनेस शहरात बैठकीच्या गाद्या भरून विकायचा. हम्मादी आणि तो लहानपणी हम्मादीच्या डोंगराखालच्या अझ्रू गावी वसतिगृहात एका ताटात पाणचट मसूर खायचे, तेवढ्या भांडवलावर ही मैत्री इतकी वर्षं चालली होती. सात हिवाळे तो हम्मादीला "इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी" असं सांगत आला होता. मैत्री फोनवर उत्तम टिकते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. जानेवारीत डोंगर चढून मित्राला भेटायला जाणं हे त्याच्या मते प्रेमाचं नव्हे, दुखण्याचं लक्षण होतं.

पण आता पंचाईत वेगळी होती. हम्मादीची बायको इत्तो दर शरदात त्याला सफरचंदांची गोणी पाठवायची. बूअज्जाने तिला लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, पण तिची सफरचंदं दर साली खाल्ली होती. त्या बाईचा संसार मोडायचा, आणि का, तर मेकनेसच्या एका गादीवाल्याला थंडी वाजत होती म्हणून? डोंगरातले लोक हे तीन पिढ्या सांगत बसले असते. हम्मादीने उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि बर्फ तुडवायचं कोणी, तर बूअज्जाने.

शुक्रवारी उजाडताना तो टॅक्सीच्या अड्ड्यावर पोचला. पाऊस लागला होता. अझ्रूला जाणारी टॅक्सी म्हणजे एक जुनाट मर्सिडीज, आणि जिलाली नावाचा तिचा तितकाच जुनाट ड्रायव्हर. सहा सवाऱ्या भरल्याशिवाय ती हलत नसे. पुढे दोन, मागे चार, आणि उरलेल्या जागेत सगळ्यांचे गुडघे. बूअज्जा पाचवा होता. सहावा मिळाला तेव्हा पाचवा बाहेर गेला होता, कारण पाचव्याला बिसाऱ्याच्या सूपचा वास आला होता. पाचवा गरम सूप पिऊन परतला तोवर सहाव्याने फेजची टॅक्सी धरली होती. मग दुसऱ्याला आठवलं की आपल्याला मुळात अझ्रूला जायचंच नाही. त्याची जागा कशीबशी भरली, सहावी मात्र रिकामीच राहिली.

बूअज्जाने शेवटी आपली अडचण सांगितली. एका बाईचा संसार आहे, वेळेत पोचलं नाही तर मोडेल. टॅक्सीत एकदम जिव्हाळा पसरला. मागच्या सीटवरच्या जाड्या हाजीने चुकचुक केली. त्याच्या मामेभावाने अशीच शपथ घातली होती आणि पाहुणा वाटेत वारला होता, असं त्याने धीर देण्यासाठी सांगितलं. शपथ एकदा घातली की तीनदा, हे विचारून झालं. बायको पहिली की दुसरी, हेही विचारून झालं. पण मोकळ्या जागेचे पैसे सगळ्यांनी मिळून भरू आणि निघू, असं बूअज्जाने सुचवताच त्या जिव्हाळ्याला एकाएकी झोप लागली.

"संसार काय, अल्लाच्या हातात असतो," हाजी डोळे मिटून म्हणाला. "सहावी सवारी जिलालीच्या."

बूअज्जाने दोन जागांचे पैसे एकट्याने भरले. आपण आता दुप्पट जागेत बसू, असा त्याचा भाबडा समज होता. हाजी झोपेतच त्या दुसऱ्या जागेवर पसरला.

खिडकी अर्धी उघडी होती. ती वर करायची मूठ गाडीत एकच, आणि ती जिलालीच्या खिशात. लोक मूठ चोरतात म्हणे. घराला सात खिडक्या असल्या तरी माणूस गाडीची मूठ घरी नेऊन काय करणार, हा विचार करत बूअज्जा अझ्रूपर्यंत डाव्या कानात पाऊस घेत गेला. वाटेत हम्मादीचा फोन चारदा आला. चारही वेळा त्याने एकच विचारलं, "कुठवर आलास?" पाचव्यांदा डोंगराने मेहेरबानी केली आणि फोन बंद पडला.

अझ्रूला बर्फ होतं, आणि बर्फापेक्षा जास्त बर्फ बघायला आलेले लोक. कासाब्लांका आणि रबातहून माणसं आली होती. सोबत चार चार स्वेटर घातलेली मुलं, परातीएवढे प्लॅस्टिकचे ट्रे आणि तिथल्या जंगलातल्या माकडांसाठी शेंगदाणे. ती माणसं ट्रेवर बसून उतारावरून घसरत, खाली आपटत, आणि पुन्हा वर चढत. गावातली एकूण एक टॅक्सी त्यांना वर चढवण्यात गुंतली होती. ज्यांना खरोखर कुठे जायचं होतं त्यांच्यासाठी एकही वाहन नव्हतं, आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं ते झोकात हिंडत होते.

शेवटी झैदची गाडी सापडली. झैद हम्मादीच्याच गावचा. पाठीमागे पत्र्याची पेटी असलेली व्हॅन, आत चाऱ्याचे भारे, मोठ्या शिंगांचा एक एडका आणि माणसं. गाव सोडून थोडं वर गेल्यावर रस्त्यावर आडवा दांडा होता, आणि दांड्यापाशी एक तरुण शिपाई.

"रस्ता बंद," तो म्हणाला. बर्फ काढायची गाडी कुठे आहे, असं विचारल्यावर कळलं, गाडी आहे, पण तिचा ड्रायव्हर जुम्म्याच्या नमाजाला गेलाय. नमाज संपल्यावर तो जेवणार. जेवल्यावर काय करणार, ते शिपायाला सांगवेना.

बूअज्जाने पुन्हा सगळी कहाणी सांगितली. शिपायाने मन लावून ऐकली, कारण त्याचं स्वतःचं लग्न ठरत होतं. पण नियम म्हणजे नियम. बर्फात घाटातून माणसं न्यायची-आणायची नाहीत. जनावरं आणि चारा मात्र न्यायला हरकत नाही, वर गोठ्यांत मेंढरं उपाशी मरतील. इतर माणसं शिव्या देत उतरली आणि पायी अझ्रूकडे निघाली.

झैदने बूअज्जाकडे पाहिलं, मग एडक्याकडे. "साहेब," तो शिपायाला म्हणाला, "हा एडका एकट्याने प्रवास करत नाही. घाबरतो."

शिपायाने एडक्याकडे पाहिलं. एडक्याने शिपायाकडे पाहिलं. कोण घाबरलंय ते उघड होतं.

"हा एडक्याचा माणूस का?" शिपायाने विचारलं.

"होय," बूअज्जा म्हणाला. आयुष्यात त्याला बरंच काय काय म्हटलं गेलं होतं. सरकारी माणसाने मान्य केलेलं हे पहिलंच पद.

दांडा वर गेला. पुढचा सगळा घाट बूअज्जा पत्र्याच्या पेटीत एडक्याच्या गळ्यात हात टाकून बसला. एडक्याला जुन्या पायमोज्यांचा वास होता. पण तो उबदार होता, सल्ले देत नव्हता, त्याचा मामेभाऊ नव्हता, आणि त्याने आपल्या वाट्याची जागा सोडून दुसऱ्याची घेतली नाही. त्या दिवसात भेटलेल्यांपैकी तोच सभ्य, असं बूअज्जाने मनोमन ठरवलं. दोनदा गाडी रुतली. दोन्ही वेळा बूअज्जाने ढकलली. एडका आत बसून राहिला, कारण तो रीतसर प्रवासी होता.

गाव आलं तेव्हा अस्रला थोडाच अवकाश होता. हम्मादीच्या दारात ही गर्दी. सोमवारपासून गावाला दुसरं काम नव्हतं. बूअज्जा पेटीतून उतरताच लोकांनी हुश्श केलं. पण त्या हुश्श करण्यात निम्मी हळहळ होती, हे त्याच्या ध्यानात आलं. एवढ्या थंडीत उभं राहून संसार वाचलेला बघायचा म्हणजे मेहनत फुकट.

हम्मादी धावत आला. चारही गालांचे मुके घेतले असते, पण बूअज्जाला दोनच होते. "बघितलंत?" तो गर्दीकडे वळून म्हणाला. "मी सांगत होतो, माझा मित्र येणार."

घरात शेगडीशेजारी इत्तो बसली होती. अंगावर जाड लोकरी पांघरूण, पायात बूट, शेजारी एक गाठोडं. चूल थंड होती. कुसकूस वाफवायची चाळण भिंतीला टांगलेली. मांडलेल्या गोल टेबलावर काहीही नव्हतं.

"इत्तो," हम्मादी म्हणाला, "जेवण कुठंय?"

"कसलं जेवण?"

"अगं, कुसकूस. पाहुणा आलाय. आता बांग होईल."

"होऊ दे," इत्तो म्हणाली. मग बूअज्जाकडे वळून तिने त्याची आपुलकीने चौकशी केली. दुकान कसं आहे, सफरचंदं गोड निघाली का, ओला झालायस, शेगडीजवळ बस. बूअज्जा बसला. त्याच्या अंगातून एडक्याची वाफ निघू लागली.

"लल्ला इत्तो," तो 'लल्ला'चा मान देत अजिजीने म्हणाला, "मी तुमच्या संसारासाठी आलोय. घासभर काहीतरी करा. मी पहाटेपासून..."

"मला ठाऊक आहे, भाऊ. तुझे हाल झाले. पण तू कशासाठी आलास, ते तुला ठाऊक नाही." तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. "सोमवारी रात्री हा मशिदीतल्या फकीहकडे शपथेचं विचारायला गेला होता. फकीहच्या बायकोनेच मला सांगितलं. फकीह म्हणाला, ही मूर्खाची शपथ. दहा गरिबांना जेवू घाल, सुटलास. तर हा घरी आला, विचार केला, आणि गप्प बसला."

बूअज्जाने सावकाश हम्मादीकडे पाहिलं.

"दहा माणसं म्हणजे," हम्मादी म्हणाला, "मेंढी कापावी लागते."

"आणि मला जेवू घालायला?" बूअज्जाने विचारलं.

"तुला काय, तू थोडंसंच खातोस."

बूअज्जाला सकाळची अर्धी खिडकी आठवली, तो हाजी, ती दोनदा ढकललेली गाडी. एका मेंढीची किंमत वाचावी म्हणून तो मेंढरांच्या पेटीतून आला होता.

"मी एका मेंढीपेक्षा स्वस्त," इत्तो नवऱ्याला म्हणाली, "हे मला कळलं. वाईट नाही वाटलं. फक्त माझे हात आज चालत नाहीत. शपथ तुझी, पाहुणा तुझा, चाळण ती तिथे. नाहीतर गरीब बोलाव. अजून वेळ आहे."

हम्मादीने केविलवाण्या नजरेने दाराकडे पाहिलं. दारातल्या गर्दीने हे सगळं ऐकलं होतं. सगळ्यांनी एकदम हात वर केले. आपण गरीब आहोत, असं किराणा दुकानदार म्हणाला. त्याचे दोन ट्रॅक्टर बाहेर उभे होते. सरपंचाचा भाऊ तर म्हणाला की त्याच्याइतका गरीब या खोऱ्यात झालाच नाही. दहा मागितले होते, तीस जमले.

हम्मादीने भिंतीवरची चाळण काढली.

पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणायला जीभ रेटत नाही. कुसकूस तेलापाण्याने हाताने चोळायचा, तीनदा वाफवायचा, दर वाफेला मोकळा करायचा, हे त्या खोऱ्यातल्या पोरीसोरींनाही ठाऊक. हम्मादीने अख्खी पिशवी कोरडीच चाळणीत ओतली, वरून तांब्याभर पाणी मारलं, आणि खाली लाकडं कोंबली. भाजीसाठी एक सलगम सापडलं. ते त्याने न सोलता टाकलं, बहुधा एकटं पडू नये म्हणून शेजारी एक कांदाही. घरभर धूर झाला. दारातून तीस गरीब सूचना करत होते. इत्तो शेगडीवर हात शेकत बसली. मशिदीचा बांगी खाकरल्याचा आवाज भोंग्यातून आला, तसं हम्मादीने ते प्रकरण ताटात उपडं केलं.

बूअज्जाने उजव्या हाताने एक घास वळायला घेतला. वळेना. त्याने तो तसाच, खडी उचलावी तसा, तोंडात टाकला. दाढेखाली कच्चा रवा करकरला. बाहेरून कोणीतरी विचारलं, गिळला का? बूअज्जाने गिळला. मग भोंग्यातून बांग सुरू झाली.

तलाक टळला. गर्दी पांगली. गरिबीही तेवढ्यात ओसरली असावी, कारण कोणी जेवायला थांबलं नाही.

इत्तो उठली. गाठोडं उचललं. बूअज्जाला म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो, भाऊ. सफरचंदं यंदाही पाठवीन. शरदापर्यंत मी आले असेन तर."

"पण तलाक झाला नाही ना," हम्मादी दारात आडवा होत म्हणाला. "वाचलं की सगळं."

"नाही झाला. म्हणून तर आईकडे चाललेय. तलाक झाला असता तर हाकललेली म्हणून गेले असते. आता तुझी बायको म्हणून, मला हवं तेव्हा जातेय, आणि हवं तेव्हा येईन. बाजूला हो."

हम्मादी बाजूला झाला. तिचं माहेर घाटाच्या अलीकडे, पुढच्याच गावात. बाहेर झैदची व्हॅन उभी होती. झैदने इंजिन चालू केलं. बूअज्जा पायात बूट कोंबत धावला, म्हणाला मलाही घे. झैदने खिडकीतून डोकं काढून खेदाने सांगितलं की इत्तोला सोडून तो परत येणार, आणि दांड्यापलीकडे जायचं तर आज एडका नाही. एडका पोचला. आता बूअज्जा नुसताच माणूस.

रस्ता माणसांसाठी मंगळवारी उघडेल, असं रात्री कळलं. रेडिओवर बाईने सांगितलं तेव्हा मागे कुठलीतरी आनंदी धून वाजत होती.

दोघे मित्र शेगडीशी बसले. पिशवीभर कुसकूस ओला झाल्यावर केवढा फुगतो, हे हम्मादीला ठाऊक नव्हतं. तो पातेल्यातून वर आला होता, परातीत गेला होता, तिथूनही वर येत होता. हम्मादीने त्यावर आंबट ताक ओतलं, बूअज्जाच्या पाठीवर थाप मारली, आणि म्हणाला, "बरं झालं आलास. मला एकट्याला संपला नसता."

बाहेर बर्फ पडत होतं. खोलीत दुसरं खायला काही नव्हतं, आणि मंगळवार लांब होता. बूअज्जाने बाह्या वर सरसावल्या आणि परात आपल्याकडे ओढली.