शुक्रीला आत बसवलं

कमळाकर अजून मास्तर झाला नव्हता, व्हायचा होता. पनवेलला खोली घेऊन तो ट्रेनिंग करत होता आणि सराव पाठांसाठी खाडीकडच्या एका गावच्या शाळेत सायकलीने जात होता. मास्तर होण्याआधी माणसाची शिक्षणाविषयी जेवढी मतं असतात, तेवढी नंतर उरत नाहीत. कमळाकरची सगळी शाबूत होती.

स्वराज्य येऊन चार वर्षं झाली, तरी त्या शाळेत आगऱ्यांची पोरं भिंतीला टेकून बसत आणि कातकऱ्यांची एकटी शुक्री बाहेर पायरीवर. कमळाकरने तिला आत आणलं आणि मिठागरवाल्या महादेव पाटलाच्या जगनशेजारी बसवलं. प्रत्येक मूल घरून काहीतरी ज्ञान घेऊन येतं, असं त्याचं एक मत होतं. म्हणून त्याने शुक्रीला उभं करून विचारलं, "रानातलं तुला काय काय ठाऊक आहे, ते सगळ्यांना सांग बघू."

पोटदुखीवर कुठलं मूळ, विंचवावर कुठला पाला, कशाने ओढ्यातले मासे गुंगतात, सगळं तिने घडाघडा सांगितलं. वर्ग चिडीचूप. कमळाकरला ती शांतता फार आवडली. शांततेचेही प्रकार असतात, हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

त्याच आठवड्यात जगन तापाने फणफणला. कातकरणींना चेटूक येतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. आता तर मास्तरनेच ते भर वर्गात वदवून घेतलं होतं.

"पाठ उत्तम झाला हो तुमचा," हेडमास्तर म्हणाले. "पाटलांनी बोलावलंय. पोरीलाही घेऊन या म्हणालेत." ते स्वतः आले नाहीत. त्यांना अचानक शाळेची काळजी वाटू लागली होती.

पाटलाच्या अंगणात माणसं जमली होती. कोणीही आवाज चढवत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. महादेवची बायको हौसा, तिने कमळाकरला चहासुद्धा दिला. शुक्री उन्हात उभी. तिचे आईबाप कोळशाच्या भट्टीवर दूर गेलेले.

"मास्तर, आमचं काय म्हननं नाय," महादेव म्हणाला. "पोरीनं घातलंय, पोरीनं काढावं. मंग बसवा तिला शाळंत. पायजे तर तुमच्या खुर्चीवर बसवा."

"अहो पाटील, असं काही नसतं."

"नसतं ना? मंग काढाया काय हरकत हाय?"

यावर कमळाकरकडे मत नव्हतं. तो आत गेला. जगनला थंडी वाजून झाली होती, अंग भाजत होतं, कपाळावर घाम फुटू लागला होता. हा हिवताप, घटकाभरात उतरणार. तेव्हा त्याला युक्ती सुचली. शिकलेल्याला युक्ती सुचली, की गरिबाने सावध व्हावं. त्याने शुक्रीला आत बोलावलं, तशी अंगणातली माणसं दारात येऊन दाटली.

"शुक्री, त्याच्या कपाळावर हात ठेव आणि काहीतरी पुटपुट."

"मला काय येत नाय गुरुजी."

"पाढे म्हण."

"बेचा येतो."

"मग बेचा म्हण."

तिने म्हटला. घाम सुटला, ताप उतरला, जगनने उठून पेज मागितली. कमळाकर तिला घेऊन हसत बाहेर आला. दुसरं कोणीही हसलं नाही. हौसाने धाकट्या लेकीला पदराखाली ओढून घेतलं.

"कालपावेतो गाव नुसतं बोलत व्हतं," महादेव सावकाश म्हणाला. "आज डोळ्यांनी बघितलं. जो काढतो, त्यानंच घातलेलं असतं."

"पाटील, तो बेचा पाढा होता! मीच सांगितलं तिला. हा हिवताप आहे, परत येतो. मी कोयनेलच्या गोळ्या आणतो पनवेलहून..."

"परत येतो?" महादेवने मान हलवली. "तुमाला ठावं हाय, म्हंजे तिनंच सांगितलं असंल. कोयनेल ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातचं पोराला आता काय नाय देनार. पोरगी हितंच ऱ्हाईल. खाऊपिऊ घालू. ताप परत आला, तर कुनाला इचारायचं ते जवळ असलेलं बरं."

कमळाकर आणखी बरंच बोलला. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. मग जमलेल्यांतले दोघं जण उठले आणि अंगणाच्या तोंडाशी वाट अडवून बसले. हौसाने भाकरी ओटीवर ठेवून काठीने शुक्रीकडे सरकवली.

"गुरुजी, कुटं चुकलं का माजं?" शुक्रीने विचारलं. "बे साती चौदाच म्हनले मी."

"नाही. बरोबर आहे."

ती निश्चिंत होऊन भाकरी खाऊ लागली. हिवताप एक दिवस सोडून पुन्हा चढतो. परवा दुपारी तो वेळेवर येणार होता, आणि आता अंगणातला प्रत्येक जण त्याची वाट पाहत होता.