पाऊण मापाचं घर

सगळे त्याला शिडी म्हणत. तो होताच तसा, सहा फूट तीन इंच. नव्या टॉवरमधली महागडी घरं विकण्याच्या कामात उंचीने रुबाब वाढायला हवा होता, पण झालं होतं उलटंच. नवव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमधलं सगळं फर्निचर साहेबांनी सुताराकडून पाऊण मापाचं करून घेतलं होतं, म्हणजे खोल्या ऐसपैस दिसतात. शिडी शेजारी उभा राहिला की सोफा बाहुलीचा वाटे. म्हणून घर दाखवायला एक बुटका सहकारी जाई आणि शिडी खाली फोन घेत बसे.

त्या दिवशी बुटक्याची नेमकी कंबर धरली.

"तू जा," साहेब म्हणाले. "गुडघ्यात वाकून चाल. कशावर बसू नकोस. तीन महिन्यांत एक बुकिंग नाही. आजही झालं नाही, तर उद्यापासून तू तळघरात, गाड्यांच्या जागा विकायला."

 तळघराचं छत शिडीच्या कपाळाला लागायचं.

गिऱ्हाईक म्हणजे एक वकीलबाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाई एवढ्याशा होत्या, पर्स त्यांच्यापेक्षा मोठी वाटावी इतक्या.

"बाजार पडलाय म्हणे?" वकीलबाईंनी सुरुवात केली.

"पडला नाही मॅडम, जरा टेकलाय," गुडघ्यात वाकलेला शिडी म्हणाला.

"तुम्हाला काही त्रास आहे का?"

"नाही, नम्रता आहे."

दिवाणखाना झाला, बाल्कनी झाली. शिडीच्या मांड्या थरथरू लागल्या. जेवणाच्या खोलीत त्याला राहवेना. तो खुर्चीवर टेकला, आणि त्याचे गुडघे टेबलाखाली घट्ट अडकले. तेवढ्यात वकीलबाईंनी हाक मारली. शिडी घाईने उठला आणि टेबलही त्याच्याबरोबर उठलं. त्यावरची सफरचंदं टकटक आवाज करत फरशीवर उड्या मारू लागली.

वकीलबाईंनी एक सफरचंद उचललं. प्लॅस्टिकचं होतं. मग टेबलाकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, पर्समधून चक्क टेप काढला आणि शेजारच्या खोलीतला पलंग मोजला.

"पलंग पावणेपाच फूट! ही फसवणूक आहे. आणखी काय काय खोटं आहे इथे?"

शिडीचा धीर सुटला. तळघर तर आता ठरलंच होतं. टेबल मांड्यांवर सावरत त्याने सगळं सांगून टाकलं. "टीव्ही पुठ्ठ्याचा आहे. कपाटातल्या पुस्तकांना आत पानंच नाहीत. केक भाजल्याचा वास बाटलीतला आहे. घर मात्र खरं आहे हो, भिंती मोजून घ्या."

"चला आई, निघू या."

पण मागे कोणी नव्हतं. दोघं दिवाणखान्यात आली (शिडी आधी टेबलातून सुटला). सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. पाठ टेकलेली, आणि दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. त्या पावलांकडेच कौतुकाने बघत होत्या.

"सूनबाई, आयुष्यात पहिल्यांदा टेकले गं हे पाय. आपल्या घरी मी खुर्चीवर बसते की फळीवर मांडून ठेवलेली, तेच कळत नाही."

"अहो आई, हे सगळं खोटं आहे!"

"पलंगही?" त्यांनी शिडीला विचारलं.

"नाही आजी. पलंग खरा आहे. फक्त लांबीला कमी."

"मग मीही तशीच आहे. फॉर्म आण."

"आणि मी कुठे झोपू?" वकीलबाई ओरडल्या.

"तुझी खोली रिकामी करून घेऊ. तुझा पलंग तू आण, मी काही बोलणार नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी तासभर भिंती मोजल्या, त्या खऱ्याच निघाल्या, आणि मग पेन काढलं. सासूबाईंची एकच अट होती, फर्निचरसकट. शिडीने ती फॉर्मवर लिहून घेतली आणि साहेबांना फोन लावला.

"विकलं? शाब्बास! कोणता मजला?"

"हाच, साहेब. सोफ्यासकट."

 साहेबांनी बारीक आवाजात सुताराचा नंबर मागितला.