लाल टाका

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. शिलाई मशीनवर बसले की पाय पायडलवर चालतो, म्हणून घर तेवढा वेळ तरी शांत राहतं. पण त्या तीन दिवसांत मशीनही मला धरून ठेवू शकली नाही.

जिंतूरला स्टँडच्या मागे आमचं दुकान आहे, आतल्या खोल्यांत घर. अण्णा, म्हणजे माझे वडील भुजंग, चाळीस वर्षांपासून जीपचे हूड शिवतात. हूड म्हणजे गाडीचं कापडी छत. आता जीपा कमी झाल्या, म्हणून ट्रॅक्टरच्या छत्र्या, ताडपत्र्या, सीटकव्हर, जे येईल ते. मी बी.कॉम. झाले आणि नोकरीची वाट बघता बघता या मशीनवर बसले ती बसलेच.

दुकानाला पाटी नाही. अण्णांची ओळख एकच, हुडाच्या डाव्या कोपऱ्यात आतून घातलेला लाल दोऱ्याचा फुलीसारखा टाका. काम मनासारखं झालं की सगळ्यात शेवटी अण्णा तो घालतात. त्यांच्या उस्तादांची ती रीत. येलदरीपासून परभणीपर्यंतचे जुने ड्रायव्हर जीप विकत घेताना आधी तो कोपरा उलटून बघायचे.

तो टाका आठवूनच काशीनाथ वकील आमच्याकडे आले. परभणीचे, वय पंचाहत्तर. ऐन एप्रिलात डोक्याला पंचा बांधून, छत मागे पाडलेली उघडी गाडी चालवत आले. हिरवी, ठेंगणी, दोनच सीटांची विलायती गाडी. तीसेक वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका अशिलाकडून घेतलेली. रविवारी नातीचं, ईश्वरीचं लग्न होतं आणि नवरी स्वतः ही गाडी चालवत वरातीत येणार होती. वकिलांच्या मुलानं, नचिकेतनं, कापड परदेशातून मागवून दिलं होतं. काम मात्र पुण्याला द्या म्हणत होता.

"मी म्हणलं, जिंतूरच्या कोर्टात तीस वर्षं जीपमधून गेलो, एकदा डोक्यावर थेंब पडला नाही," वकील म्हणाले. "त्या लाल टाक्यावाल्याकडंच जाणार."

अण्णा असे फुलले की चहा सांगायला स्वतः उठले. ते गेल्यावर वकील मला सहज म्हणाले, "जुना हूड पुढं पोचतच नव्हता गं. दहा वर्षं झाली, सुतळीनं बांधायलो."

ते बसनं परत गेले. जुना हूड उसवून अण्णांनी जमिनीवर पसरला आणि त्यावरून नव्या कापडावर खडूनं आखायला घेतलं.

"अण्णा, सांगाड्याचं माप घेऊ," मी म्हणाले. "हा जुना उन्हानं आखडलेला दिसायलाय."

"जुना हूड हेच माप. उस्ताद हेच सांगून गेले." दुकानात एक ट्रॅक्टरवाला बसला होता, त्याच्याकडे बघून अण्णा पुढे म्हणाले, "आता ही मला शिकवायली."

तो हसला आणि माझं डोकं फिरलं. सुतळीची गोष्ट ओठावर आली होती, ती मी गिळली. खोटं कशाला सांगू, एकदा चुकू द्या यांना, असंच मनात आलं. मग खाली मान घालून अण्णांनी कापलं तसं मी शिवलं.

जीपच्या हुडाला पट्टे असतात. दोन बोटं इकडे तिकडे झाली तर पट्टा ओढून घेतो. या गाडीला पट्टे नव्हते. समोरच्या काचेच्या चौकटीवर दोन खटके होते, हूड तिथवर आला तरच बसणार. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं दोन बाजूंनी लोंबकळलो, तरी हूड तीन बोटं अलीकडेच राहिला.

"उन्हात ठेवू. नवं कापड हाय, सैल पडंल," अण्णा म्हणाले.

शुक्रवारी मी दर अर्ध्या तासाला उठून बोटं लावून बघत होते. चहा उतू गेला. एक सीटकव्हर उलटं शिवलं आणि उसवलं. आई म्हणाली, एका जागी बस की गं. कशी बसू? तीन बोटांचं अंतर हुडात होतं, पण टोचत मला होतं. संध्याकाळपर्यंत एक बोट कापड सैल पडलं. पुढे तसूभरही नाही. हुडाच्या घडीवर घालायची खोळ शिवायला ठेवलेल्या तुकड्याखेरीज दुसरं कापडही नव्हतं.

शनिवारी सकाळी अण्णांनी हूड मागे पाडला, घडी नीट बसवली आणि तिच्यावर बंद आवळला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरातीत हूड मागंच ऱ्हातो. कोन लावून बघतंय?"

"आन् पावसाळ्यात?"

"तवाचं तवा बघू."

हे अण्णा बोलत होते. एक टाका वाकडा पडला तर अख्खी शिवण उसवायला लावणारे अण्णा. मला त्यांची लाज वाटली आणि त्याहून जास्त माझी. ते हात धुवायला गेले तेव्हा मी डावा कोपरा उलटून बघितला. लाल टाका नव्हता.

दुपारी वकील बसनं आले. त्यांच्या घरी हळद चालू होती, फोन एकसारखा वाजत होता. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कापडावरून हात फिरवला, वा वा म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, त्यांनी नुसतं आभाळाकडे बघितलं तरी माझी नजर घडीवरच्या बंदाकडे जायची. मग ते वाकले, घडीत हात घालून डावा कोपरा चाचपू लागले.

"भुजंग, टाका कुठाय?"

अण्णांनी बंदाची गाठ उगाच सारखी केली.

"विसरलात व्हय? घाला की. मी थांबतो."

अण्णांनी सुई उचलली. तिच्यात लाल दोरा आधीपासून ओवलेला होता. कोपरा हातात धरून ते वाकले आणि तसेच राहिले. सुई काही कापडात गेली नाही. शेवटी ती त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला टोचून ठेवली.

"वकीलसाहेब, काम झालेलं न्हाई," ते म्हणाले. "हूड दोन बोटं कमी हाय. मला ठावं होतं. तुमाला तसाच देणार होतो."

वकिलांचा फोन वाजत होता. त्यांनी तो कट केला. अण्णा एकटेच मान खाली घालून उभे होते आणि ते मला बघवेना.

"मला पण ठावं होतं," मी म्हणाले. "साहेबांनी सुतळीचं मला सांगितलं होतं, अण्णा. मी मुद्दाम गप्प बसले. राग आला होता तुमचा."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "कातर आन."

घडीवर घालायची खोळ अजून कापायची होती. तिच्या कापडातून चार बोटांची पट्टी काढून पुढे जोडायची, एवढाच मार्ग होता. अण्णांनी वकिलांना स्पष्ट सांगितलं, खोळ होणार न्हाई, जोड जन्मभर दिसंल, आन् चार तास लागतील.

"दिसू द्या," वकील म्हणाले. "कोर्टात मी काय कमी जोड दिले?"

ते ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसले. दर दहा मिनिटांनी फोन यायचा आणि ते सांगायचे, निघालोच बघ, अर्ध्या वाटेत आलो. आम्ही आमचं खोटं उसवत होतो आणि ते बसल्या जागी नवं शिवत होते.

या वेळी अण्णांनी टेपचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. सांगाडा दोनदा मोजला. जोड मागच्या बाजूला झुकता ठेवला, ताडपत्रीला ठेवतो तसा, म्हणजे पाणी वरून निघून जातं. सहा वाजून गेले तेव्हा हूड पुढे आला आणि दोन्ही खटके कट्‌कन बसले. जोड सरळ डोळ्यांत भरत होता. वकिलांनी त्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

अण्णांनी सदऱ्याची सुई काढली, डाव्या कोपऱ्यात लाल टाका घातला, दोरा तोडला. मग पुन्हा ओवून सुई माझ्यासमोर धरली.

"आता तुझा घाल."

"माझा कामून?"

"चूक दोघांची हाय. टाका एकाचाच कसा?"

मी सुई घेतली. टाका वाकडा पडला. अण्णांनी तो वाकून नीट बघितला आणि उसवायला लावला नाही.