मोज्यांच्या नाचाची जमीन

मित्रांनो, कुणी बोललं की माणसं इकडेतिकडे बघतात, खाली कुणी बघत नाही. तुम्ही मात्र जरा खाली बघा. मी टॅमरॅक गावच्या हायस्कूलची, त्यातल्या व्यायामशाळेची जुनी लाकडी जमीन आहे. वय विचारू नका. माझ्यावर पहिल्यांदा चेंडू आपटला तेव्हा आजचे म्हातारे पाळण्यात होते, एवढंच सांगते.

मी जातीची मेपल. उत्तरेकडच्या जंगलातली झाडं पाडून, वाळवून, तासून तीन-तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि एकीच्या खाचेत दुसरी अशा ठोकून बसवल्या. एवढ्या मोठ्या दालनात एक खिळा वर दिसेल तर शपथ! सुतारांनी काम संपवून दिवे लावले तेव्हा छतावरचा दिवा न् दिवा माझ्यात दिसला. त्या दिवसापासून मला माझ्या चकाकीचा तोरा चढला तो चढलाच. तो तोरा कुणाला भोवला हेच आज सांगायचं आहे.

माझी देखभाल करायचे ओटो क्लंब. अख्खी शाळा त्यांना मिस्टर क्लंब म्हणायची, मुख्याध्यापकसुद्धा. दर ऑगस्टमध्ये ते गुडघे टेकून मला घासायचे, रोगणाचे तीन हात द्यायचे आणि दाराला कुलूप लावून आठवडाभर किल्ली खिशात घेऊन फिरायचे. बायकोचा वाढदिवस ते विसरत, पण माझा तिसरा हात कुठल्या दिवशी किती वाजता वाळला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. बाहेरगावचे बास्केटबॉलचे संघ आले की त्यांचे प्रशिक्षक आधी मला बघून शीळ घालायचे, मग खेळाचं बोलायचे. क्लंब तेव्हा झाडू धरून कोपऱ्यात उभे राहायचे आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

खेळांइतकेच माझ्यावर नाचही व्हायचे, मित्रांनो. पन्नास सालानंतर तर पोरांना नाचांचं वेडच लागलं. आणि नुसता नाच नको, त्याला काहीतरी रूप हवं. एका वर्षी मी हवाई बेट झाले, एका वर्षी पॅरिसचा रस्ता. सजावट समितीच्या मुली आठवडाआठवडा कागद कातरत बसायच्या. कुणाचं कुणाशी जमलं, कुणी कुणाची अंगठी परत केली, सगळं आधी माझ्या कानावर यायचं.

हवाई बेटाच्या नाचात मुलींच्या टाचांनी माझ्यावर दोनशेच्या वर खड्डे पाडले. क्लंबनी ते दुसऱ्या दिवशी एकेक करून मोजले, टोपी काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता एक तर बूट राहतील नाही तर मी. तेव्हापासून नियम झाला. दारात बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर नाचायचं. पोरांना तर गंमतच वाटली. मोज्यांवर घसरत, गिरक्या घेत ती अशी नाचायची की मलाही गुदगुल्या व्हायच्या. एकाच्या मोज्याला भोक असायचं, मग सगळे त्याच्या अंगठ्याची विचारपूस करायचे. नियम कुणालाच जाचला नाही. एक जण सोडून.

तिचं नाव अर्लिस टॉर्गरसन. लोणीवाल्या टॉर्गरसनची धाकटी. अकरा वर्षांची असताना, ज्या उन्हाळ्यात साथीमुळे गावचा पोहण्याचा तलाव बंद केला होता, त्या उन्हाळ्यात तिला पोलिओ झाला. जीव वाचला, डावा पाय गेला. पायाला मांडीपासून खालपर्यंत लोखंडी कॅलिपर होता आणि त्याच्या दोन्ही पट्ट्या तपकिरी, जाडजूड बुटाच्या टाचेत रुतवलेल्या होत्या. बूट काढला की पाय उभाच राहायचा नाही. व्यायामाच्या तासाला ती भिंतीकडेच्या रबरी पट्टीवरून चालत जाऊन प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांवर बसायची आणि मिस प्रुइटबाईंची हजेरी लिहायची. चार वर्षांत तिने माझ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? उलट बरंच वाटायचं.

शाळेतल्या नाचांपैकी एक उलटा असायचा. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्यात मुली मुलांना विचारायच्या, त्यांची पुस्तकं उचलायच्या, त्यांच्यासाठी दार उघडून धरायच्या. एरवी मुलगा मुलीला फुलांचा गुच्छ देतो. त्या दिवशी मुलीने मुलासाठी गुच्छ करायचा आणि तोही भाज्यांचा. मुळे, गाजरं, कांद्याची पात, कोबीची पानं. जितका हास्यास्पद तितका चांगला. उत्तम गुच्छाला बक्षीस असायचं.

अर्लिस तेव्हा शेवटच्या वर्गात होती, म्हणजे उलट्या नाचाची तिची ही शेवटची खेप. पायऱ्यांवर शेजारी तिची मैत्रीण मार्व्हेल बसायची, पाय मुरगळल्याचं सोंग करून.

"अगं, विचारलंस की नाही त्याला?" मार्व्हेल रोज विचारायची.

"उद्या," अर्लिस म्हणायची.

असे 'उद्या' दोन महिने चालले. तो म्हणजे लॉवेल हास. बास्केटबॉलच्या संघात राखीव, उंच, शेतावरचा, बोलताना कानापर्यंत लाल होणारा. शेवटी एका मंगळवारी तिने त्याला पाण्याच्या नळाजवळ गाठून विचारलं, आणि त्याने पाणी प्यायचंही विसरून 'हो' म्हटलं. मार्व्हेलने हे ऐकलं तेव्हा तिचा मुरगळलेला पाय एकदम बरा झाला.

मग सुरू झाली तयारी. अर्लिस घरी स्वयंपाकघरात रोज सराव करत होती. गुडघ्याची कडी अडकवायची, उजवं पाऊल टाकायचं, डावा पाय बुटासकट झुलवून आणायचा. वडील गुणगुणायचे, आई खांद्याला धरून फिरवायची. संथ गाणं असलं तर जमायचं. ग्रामोफोन मार्व्हेलच्या ताब्यात असणार होता, म्हणून दोघींनी ठरवलं की चौथी रेकॉर्ड संथ लावायची. कॅलिपरच्या बुटाला क्लंब काही म्हणणार नाहीत, असं दोघींनी धरूनच चाललं होतं. अर्लिसला सगळी संध्याकाळ नाचायचं नव्हतंच. तिला एकच नाच हवा होता. भिंतीकडेला नाही, सगळ्यांच्या मध्ये.

त्या वर्षी मी समुद्राचा तळ झाले होते. आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे कागदी माशांत चुका काढणारंही कुणी नव्हतं. हिरव्या कागदाचं शेवाळ छतापासून लोंबत होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर चार वाजता नाच होता. पुढच्या मंगळवारी मोठा सामना, म्हणून क्लंबनी मला आदल्या दिवशी मेण लावून असं चमकवलं होतं की खरंच पाणी भरलंय असं वाटावं. सरबताचं टेबल आत आणताना त्याच्या चारही पायांना त्यांनी लोकरी कापडाच्या जाड टोप्या शिवून घातल्या. ग्रामोफोनच्या टेबलालाही घातल्या.

अर्लिस आली पिवळा झगा घालून, आईने शिवलेला. कॅलिपर झाकेल एवढा लांब. लॉवेलच्या कोटावर मुळ्यांचं गुलाबाचं फूल, गाजराच्या पाकळ्या आणि लोंबणारी कांद्याची पात. त्याच्या कोटाला कांद्याचा वास येत होता आणि तो खुशीत होता. रबरी पट्टीवर बुटांचे ढीग साचले होते. लॉवेलने आपले बूट काढले. अर्लिस उभी राहिली.

"बूट, पोरी," क्लंब सवयीने म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं.

"हा निघतो, मिस्टर क्लंब," ती म्हणाली, "पण मग मी उभी राहत नाही."

क्लंब वाईट माणूस नव्हते हो. त्यांनी टोपी काढली, परत घातली. एकीला सोडलं तर उद्या सगळे मागे लागतील, असं काहीतरी पुटपुटले. मंगळवारच्या सामन्याचं बोलले. मागे रांग वाढत होती. मिस प्रुइटबाई धावत आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की अर्लिसला आम्ही सगळ्यात मानाची खुर्ची देणार आहोत, सरबताच्या टेबलापाशी, भाज्यांच्या गुच्छांची परीक्षक म्हणून! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकं गोड बोलल्यावर माणूस नाही तरी कसं म्हणणार?

आणि मी? मित्रांनो, हे सांगताना मला आजही शरम वाटते. तो बूट दारात आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. लोखंड, खिळे, चामडं! ती खुर्चीकडे वळली तेव्हा मला हायसं वाटलं. मी सुटले, असं मला वाटलं.

टेबल भिंतीलगत होतं. बुटांचे ढीग बाजूला सारून तिला पट्टीवरूनच तिथवर नेलं. लॉवेल तिच्यासमोर मोज्यांवर उभा राहिला. "मी बसतो ना तुझ्याजवळ," तो म्हणाला. ती म्हणाली, जा रे, मी एवढे मुळे कशाला कोरले मग, दाखव सगळ्यांना. तो गेला, एका नाचापुरता. एकाचे दोन झाले. त्याला दोष देत नाही मी, तो सतरा वर्षांचा होता आणि कुणीतरी सतत त्याचा हात ओढत होतं.

चौथी रेकॉर्ड संथ लागली. मार्व्हेलने ठरल्याप्रमाणे लावली, हात आपोआप गेला आणि मग तिला आठवलं. तिने सुई उचलायला हात नेला, तर अर्लिसने लांबूनच मान हलवून नको म्हटलं. लॉवेलच्या हातात तेव्हा दुसऱ्याच मुलीचा हात होता. मध्यभागी ती दोघं हळूहळू फिरत होती आणि भिंतीकडेला अर्लिसचा उजवा पाय, फक्त उजवा, पट्टीवर ताल धरत होता. गाणं संपलं. तिने बक्षीस दुसऱ्या कुणाच्या तरी सलगमला दिलं, लॉवेलचा गुच्छ सगळ्यात सुंदर असूनही. आपल्याच हातच्या गुच्छाला कसं देणार?

सात वाजता सगळे बूट शोधायला लागले. तिला शोधायचे नव्हते, म्हणून ती दाराशी आधी पोचली. क्लंब तिथे होते. तिने त्यांचे आभार मानले, तुमची जमीन फार सुंदर दिसतेय म्हणाली. मग टेबलाकडे वळून पाहिलं.

"मिस्टर क्लंब, टेबलाला आत घेतलंत तुम्ही," ती म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. क्लंब तिच्याकडे बघत राहिले, मग टेबलाच्या पायांतल्या टोप्यांकडे. त्या दिवशी मला न पुसता ते घरी गेले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा घडलं.

सोमवारी सकाळी ते पिशवीतून एक वस्तू घेऊन आले. जाड लोकरी कापडाचं खोळीसारखं पादत्राण, तळाला दुहेरी शिवण, टाचेपाशी लोखंडी पट्ट्यांना जागा सोडलेली. मोजमाप नुसत्या नजरेचं. अर्लिस व्यायामाच्या तासाला आली तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. तिने पायरीवर बसून ते बुटावर चढवलं. अगदी चपखल बसलं. अर्ध्या तासाचं काम होतं ते, मित्रांनो. शुक्रवारी दुपारी त्यांच्या हातात सुई होती, कापड होतं.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण मिस्टर क्लंब, त्याला विचारायला मला दोन महिने लागले होते."

तिने ते काढून, घडी घालून त्यांच्या हातात दिलं. उभं राहूनसुद्धा पाहिलं नाही. उलटा नाच वर्षातून एकदाच. वसंतातल्या मोठ्या नाचाला मुलांनी विचारायचं असतं. लॉवेलला तिच्याकडे बघायचीही लाज वाटायची, त्याने विचारलं नाही. दुसऱ्या कुणीही विचारलं नाही. जूनमध्ये शाळा संपवून ती मोठ्या शहरात टंकलेखनाच्या नोकरीला गेली. ते पादत्राण क्लंबच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं. ते निवृत्त झाले तेव्हा बरोबर घेऊन गेले.

आणि माझ्या चकाकीचं म्हणाल, तर दोनच वर्षांनी उन्हाळ्यात मजुरांनी पायऱ्यांचा सांगाडा माझ्यावरून ओढत नेला. दारापासून मधोमध चार हात लांब चरा पडला. मला वाटलं, आता क्लंब रडतील. ते वाकले, चऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "असू दे." मग कॉफी प्यायला गेले. सामने झाले, नाच झाले, कुणाचं काही अडलं नाही.

आता शाळा नव्या इमारतीत गेली आहे. माझ्या पट्ट्या उखडून वाटायच्या ठरल्या आहेत आणि त्याआधी एक दिवस सगळ्यांसाठी दार उघडलं होतं. बूट काढा असं कुणी म्हणालं नाही. म्हातारे झालेले विद्यार्थी आपापल्या खुणा शोधत फिरत होते. इथे मी पडलो, इथे शिडी घसरली, हा खड्डा माझ्याच टाचेचा. लॉवेल आला होता, नातीला घेऊन. तो मात्र बराच वेळ मधोमध नुसता उभा होता.

"आजोबा, इथे काय झालं होतं?" नातीने विचारलं.

"इथे काही झालं नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, मी स्वतः जपली गेलेली आहे, मी कशी नाही म्हणू? पण जपताना दारात कोण उभं आहे ते बघा, आणि घरात लोकरीचा तुकडा आहे का ते तेव्हाच बघा, सोमवारी नको. माझ्या अंगावर साठ वर्षांचे चरे आहेत, कुणाकुणाचे ते मी नावानिशी सांगू शकते. तिच्या बुटाचा मात्र एकही नाही. तो हवा होता मला.