बाळाच्या नावाचा कोरा रकाना

पस्तीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून पाडे पालथे घातले, दोन हजारांच्या वर बाळंतपणं या हातांनी केली. पण माझ्या सुनेने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, त्या दिवशी याच हातांना घाम फुटला. खोटं कशाला बोलू?

सून माझी हेमांगी. रोज सफाळ्याहून बोईसरला जाते, तिथल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कुठला ड्रम कधी आला नि कुठल्या खात्यात गेला, हे ती मिनिटात सांगते. एका रविवारी माळा आवरताना तिला माझ्या एकोणीस वह्या सापडल्या. सरकारी रजिस्टरं मी निवृत्त होताना जमा केली, या वह्या माझ्या स्वतःच्या. प्रत्येक बाळंतपण त्यात आहे: तारीख, बाईचं नाव, ती कुणाची, गाव, कितवं मूल, मुलगा की मुलगी, वजन, पंचायतीतला नोंद नंबर. आमच्या इकडे पूर्वी पोराला शाळेत घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. अर्धा पाडा एक जूनचा! म्हणून लोक अजूनही खरी तारीख विचारायला माझ्याकडे येतात. मग मी चष्मा चढवून वह्या उलटत बसायची आणि संध्याकाळी सांगायची, "सापडत नाय गं बाई."

"आई, पाचव्या वहीला वाळवी लागलीय," हेमांगी म्हणाली. "डेटाबेस करूया."

"तू कर. मी वाचून दाखवते."

"नाही हं. तुम्हीच शिकायचं. मी स्टोअरच्या पोरांना दोन दिवसांत शिकवते, तुम्ही तर शिकलेल्या."

शिकलेल्या म्हटल्यावर मी फुगले आणि फसले.

पहिला धडा टेबल. वहीतल्या प्रत्येक रकान्याला इथे फील्ड म्हणतात आणि त्यात काय भरणार, हे आधीच सांगून ठेवायचं. तारखेच्या रकान्यात तारीखच. मी वहीतलं वाचून ऐटीत "दिवाळीचा दुसरा दिवस" असं टाईप केलं. मशीनने तोंड वाकडं केलं, घेईचना. मी म्हटलं, तुला दिवाळी कळत नाही? हेमांगी हसून हसून लोळली. मग जुनं कॅलेंडर शोधून तारीख घातली, तेव्हा महाराज शांत झाले.

मग ती म्हणाली, "प्रत्येक नोंदीला स्वतःची अशी एक खूण लागते. दोन नोंदींची खूण सारखी चालत नाही."

"बाईचं नाव घे की."

"बघा हं."

बघायचं काय त्यात? मी बाईचं नाव खूण म्हणून ठेवलं आणि भराभरा भरत सुटले. चाळिसाव्या नोंदीला दुसरी मंजुळा आली आणि मशीन अडलं. या नावाची नोंद आधीच आहे, म्हणे! अरे मेल्या, मासवणच्या बाजूला दर चौथ्या घरात मंजुळा आहे, त्यांनी काय बाळंत व्हायचं नाही? मी तावातावाने उठून चहा टाकला. परत आले तर हेमांगीने खूण म्हणून नुसते आकडे लावून ठेवले होते, एक, दोन, तीन, आपोआप पडणारे. मुकाट्याने बसले. सुनेपुढे अशी हार पहिल्यांदाच खाल्ली, पण चहा तिलाही दिला.

एका गोष्टीवरून मात्र खरंच वाजलं. तिने एक जादा रकाना घातला, बाळाचं नाव.

"अगं, जन्मलेल्या बाळाला नाव कुठलं? बारशाला ठेवतात नाव, तोवर मी पुढच्या पाड्यावर. माझ्या एकाही वहीत बाळाचं नाव नाही."

"असू दे कोरा. कधीतरी लागेल."

"कोरा रकाना बघितला की माझं डोकं उठतं!"

"मग उठू दे," म्हणाली आणि गाडी पकडायला पळाली. जिभेला हाड नाही पोरीच्या.

दोन महिन्यांत मी दोन हजार तीनशे बारा नोंदी भरल्या. आणि मग आली क्वेरी. क्वेरी म्हणजे टेबलाला प्रश्न विचारायचा. मी विचारलं, जुळी कुणाची? टिचकी मारली आणि चौदा ओळी समोर! अगं बाई गं! ज्या बायकांना मी विसरले होते, त्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मग वेडच लागलं मला. सगळ्यात वजनदार बाळ कोणतं? एकाच दिवशी तीन कधी झाली? जेवायला हाक मारली तरी मी उठेना. साठाव्या वर्षी माझ्या अंगात असा उत्साह संचारला की देवू, माझा नवरा, म्हणाला, "हिला कुणीतरी बंद करा."

अशातच एका रविवारी सकाळी लाडकी आली. मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरची, दोन पोरांची आई. एसटीने पालघर आणि तिथून गाडीने सफाळे करत आलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"सिस्टर, आमच्या पाड्यावर अंगणवाडीत मदतनीसची जागा हाय. फारम मंगळवारपर्यंत घेतात. पन पस्तीस पुरी नको, बोलतात. शाळेच्या दाखल्यावर एक जून नव्वद हाय, म्हंजी दोन महिने आधीच पस्तीस पुरी, मी बाद." तिने पिशवीतला दाखला काढून माझ्यापुढे धरला. "मला ठाव हाय, मी झोडणीच्या दिसांत झालू. आई बोलायची. पन कुठल्या सालात, ते कोन सांगनार? आई गेली, बाप गेला. पंचायतीत बघितलं, नाव नाय."

भाताची झोडणी म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबर नव्वदची असेल तर चौतीस, फॉर्म चालेल. एकोणनव्वदची असेल तर एक जूनपेक्षाही वाईट. एवढंच होतं सगळं, एका वर्षाचा फरक. ही जागा मिळाली नाही, तर पाऊस संपल्यावर ती पोरांना घेऊन वीटभट्टीवर जाणार होती. मोठ्या पोराची शाळा तशीच सुटली होती मागच्या वर्षी.

"आईचं नाव?"

"मंजुळा."

झालं! कपाळाला हात लावला मी. पण खुर्चीत ताठ बसले. हेमांगी पाठीशी येऊन उभी राहिली, तिला म्हटलं, "हात लावू नकोस. मी विचारते."

मंजुळा. गाव मासवण. कुणाची? झिपरूची, म्हणजे लाडकीच्या बापाची. मुलगी. महिना नोव्हेंबर. टिचकी.

एकही ओळ नाही.

लाडकीने पिशवी घट्ट धरली. मी पुन्हा टिचकी मारली, जणू मशीनला लाज वाटेल. कोराच.

"असं कसं? त्या भागात माझ्याशिवाय कोणी होतंच कुठे!" मी हेमांगीवरच खेकसले.

ती शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही पाच अटी घातल्यात. त्यातली एक जरी चुकली, तरी मशीन हातची ओळ सोडून देतं. जे अगदी खात्रीचं आहे तेवढंच विचारा."

खात्रीचं काय? मी लाडकीकडे वळले. "तू थोरली ना?"

"हो. माझ्यावर कोन नाय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिलटकरीण! पहिलं बाळंतपण माहेरी! माहेरच्या अंगणात कोण तिला नवऱ्याच्या नावाने ओळखणार? तिथे ती बापाचीच. आणि मीही अंगणात जशी हाक ऐकायची, तसंच नाव वहीत लिहायची. उभ्या जन्मात हजार बायकांना "माहेरी कधी जाणार?" विचारलं मी आणि आज मीच मंजुळाला सासरच्या गावात शोधत बसले!

गाव खोडलं. झिपरूला खोडलं. मंजुळा, मुलगी, पहिली, नोव्हेंबर. एकोणनव्वद आणि नव्वद. टिचकी.

दोन ओळी.

पहिली एकोणनव्वदची. मंजुळा काशिनाथ, दुर्वेस. लाडकीला वाचून दाखवायचा धीर होईना. पण वाचलं.

"काशिनाथ कोन नाय आमच्यात," ती पुटपुटली.

"दुसरी, मंजुळा बुधा. बहाडोली. तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे नव्वद."

"बुधा?" ती उठूनच उभी राहिली. "बुधा माझा आजा! मला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचा! सिस्टर, माझाच आजा!"

मी टाळ्या पिटल्या. हेमांगीने मला मिठी मारली, मी लाडकीला. देवू आतून विचारत आला, काय झालं? मी म्हटलं, "मुलगी झाली, दोन किलो सातशे!"

सोमवारी मीच तिच्याबरोबर बहाडोलीला गेले. नोंद नंबर सांगितल्यावर पंचायतीत जुनं रजिस्टर निघालं. मंजुळा, झिपरू, मुलगी, तेवीस नोव्हेंबर. नावाची जागा तिथेही कोरी. शाळेचा दाखला जोडून नाव घालायचा अर्ज दिला, अर्धा दिवस ठाण मांडून बसले, जन्माचा दाखला घेऊनच उठले. मंगळवारी पालघरच्या ऑफिसात फॉर्म घेतला आणि पोच मिळाली.

पोच दाखवायला लाडकी तशीच आमच्याकडे आली. मी तिला खुर्चीत बसवलं, बहाडोलीची ती ओळ उघडली आणि बाळाच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"भर."

हेमांगी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच. लाडकीने एका बोटाने एकेक अक्षर शोधत नाव भरलं. मग मी प्रश्न विचारला, बाळाचं नाव, लाडकी. एकच ओळ आली.

तिने ती ओळ तीनदा वाचली.

"तेवीस नोव्हेंबर," ती म्हणाली. "आई असती तर तिला इचारलं असतं, कशी झालू मी. आता कोनला ठाव?"

"मला," मी म्हणाले. "रडत झालीस. सगळ्यात आधी मीच धरलं होतं तुला."