तीन मापं

"काका, तुमच्या गोळीनं मला काय दिलंय बघा," ताई माझ्या बाकावर कागद पसरत म्हणाली.

ताई वरच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. मी खालच्या वर्कशॉपमध्ये तिच्यासारख्यांना लागणारे धातूचे नमुने घडवायचो. शिशाची सुई, पत्रा, गोळी. एकतीस वर्षं हेच काम. सगळे मला गोळीकाका म्हणत, कारण हातानं घासून गोळी गोल करणारा मी एकटाच उरलो होतो.

कागदावरची रेघ सरळ चढत जाऊन एका जागी वाकली होती. त्या वाकण्याचा अर्थ मला ठाऊक होता. शिसं खूप थंड केलं की ते चुंबकाचं बळ आत येऊ देत नाही, बाहेर ढकलतं. ढकललेलं बळ वळसा घालून जातं आणि कडेला दाटी होते. बळाच्या दिशेनं उभी धरलेली सुई असेल तर दाटी होतच नाही म्हणा, ती अखेरपर्यंत टिकते. त्याच शिशाचा पत्रा आडवा धरला तर त्याच्या कडा फार लवकर हार मानतात. गोळी या दोघांच्या मधली. सुई जेवढं बळ सोसते त्याच्या दोन-तृतीयांशावर गोळीच्या कमरेपाशी ते आत शिरायला लागतं. शिसं तेच, पण किती सोसणार ते आकारावर.

ताईची गोळी त्याच्या जरा आधीच हार मानत होती. शंभरात एखादा भाग, पण तीन महिने दर वेळी तेवढाच. त्याच शिशाची सुई मात्र सरळ वागत होती. म्हणजे गोळीत काहीतरी नवं घडतंय, असं ताईला वाटत होतं, आणि तिच्या गाईड सरांनाही ते पटलं होतं. यावर लेख लिहायचा, आणि लेख छापून आला की तिला दुसऱ्या संस्थेत जागा. आईनं आत्तापासून सामान बांधायला घेतलंय, असं ती हसत सांगत होती.

मी छान झालं म्हणालो आणि हात खिशात घातले.

प्रत्येक गोळीबरोबर एक कार्ड जातं. त्यावर तीन दिशांनी मोजलेली जाडी लिहायची असते. मी लिहिली होती: चार मिलिमीटर, चार, चार. मोजली मात्र नव्हती. दीड वर्षापासून माझ्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. मायक्रोमीटर किती आवळला ते बोटांना कळायचं नाही, आणि मऊ शिशावर वण उठायचे. तशा दोन गोळ्या वाया गेल्या. तिसरी मी नुसती काचेवर घरंगळवून बघितली आणि इतकी वर्षं येत आलेलं माप लिहून टाकलं.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. बोटांचं तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, आता कशाला तोंड उघडता. मग ताटं मांडता मांडता थांबली.

"शर्टाची बटणं मी लावून देते आणि हे जगाला गोळ्या घडवून देतात," ती म्हणाली. "मीच आधी बोलायला हवं होतं."

सकाळी जिना चढून ताईकडे गेलो. म्हटलं, "ती गोळी मी न मोजता दिली होती."

तिला आधी चेष्टा वाटली. मग माझ्याकडे बघून तिनं डबीतून गोळी काढली आणि स्वतःच मोजायला घेतली. एका बाजूनं चार. वळवून पुन्हा चार. तिसऱ्या बाजूनं तीन पूर्णांक नऊ. घासताना गोळी एकाच अंगावर फिरत राहिली होती आणि माझ्या बोटांना पत्ताच नव्हता. थोडी चपटी गोळी, चपट्या बाजूवर बसवलेली. पत्र्याच्या दिशेनं एवढंसं पाऊल टाकलं होतं तिनं, म्हणून हारही आधी मानत होती. नवं काहीच घडत नव्हतं.

"तीन महिने, काका," ताई म्हणाली.

लेख गेला नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सरांनी मला बाकावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. रागावले नाहीत, तेच जड गेलं.

दीड महिन्यानं ताई स्टोअरच्या दारात उभी राहिली. मधल्या काळात जिन्यात भेटलो तरी ती बाजूनं निघून जायची. म्हणाली, प्रयोग पुन्हा करायचाय, गोळी मीच घासणार, तुम्ही फक्त सांगा. आठवडाभर मी तिच्याशेजारी स्टुलावर बसलो. दाबू नका म्हणायचो, गोळीला तिची तिला फिरू द्या, बोटाखाली अडखळली की समजा तिथं उंचवटा आहे. तिच्या तीन गोळ्या बिघडल्या. वैतागून एकदा म्हणाली, "तुमची बोटं उसनी द्या मला," आणि लगेच जीभ चावली. मला हसू आलं. मग तीही हसली, पण थोडंसंच.

आठवडा संपता संपता गोळी झाली. तिनं ती पुसली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि माझ्या बोटांच्या टोकांवर ठेवली.

"गोल झालीय ना, काका?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी अंगठ्यानं गोळी हळूच फिरवली. पुन्हा फिरवली. हो म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता.

"मला नाही कळत आता, ताई. मोजा."

तिनं मान डोलावली आणि माझ्या बोटांवरून गोळी उचलून घेतली. उचलली, ते मला नुसतं दिसलं.